कोरड्या त्वचेसाठी घरचा क्लेन्झर : वाचकांचे प्रश्न

कोरड्या त्वचेला सोसेल असा क्लेन्झर घरी कसा बनवायचा, याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. सगळी प्रमाणं वजनात आहेत, चमच्यांत किंवा थेंबांत नाहीत. त्यामुळे ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा आणि पीएच तपासायच्या पट्ट्या जवळ असल्याशिवाय कामाला लागू नका.

प्रश्न : चेहरा धुतला की पाच मिनिटांत त्वचा ओढल्यासारखी होते, गालांवर पांढरे पापुद्रे दिसतात. 'सौम्य' लिहिलेले दोन-तीन फेसवॉश वापरून झाले. आता अगदी मुळापासून घरीच बनवायचा आहे. थोडा फेस यायला हवा. नेमकं प्रमाण आणि कृती द्याल का?

उत्तर : देतो, पण त्वचा ओढते कशामुळे ते आधी पाहू, म्हणजे कृतीत कशाला हात लावायचा नाही हे कळेल. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात पेशींच्या मधल्या फटी सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड यांनी भरलेल्या असतात. पेशींच्या आत पाणी धरून ठेवणारी अमिनो ॲसिड, लॅक्टेट, युरिया अशी द्रव्यं असतात. सरफॅक्टंट, म्हणजे मळ आणि तेल पाण्याबरोबर उचलून नेणारा घटक, मळासोबत हेही थोडं थोडं उचलतो. शिवाय तो पेशींतल्या केराटिन या प्रथिनाला चिकटतो, त्यामुळे धुताना थर फुगतो आणि पाणी उडून गेलं की आकसतो. ती ओढ म्हणजे हे आकसणं.

हे कमी करायचं तर सरफॅक्टंट कोणता, किती आणि तयार मालाचा पीएच किती, या तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. बाकीचे घटक त्यामानाने दुय्यम आहेत. बहुतेक वाचकांचं सगळं लक्ष मात्र त्या दुय्यम घटकांवर असतं, असं पत्रांवरून दिसतं.

१०० ग्रॅमसाठी प्रमाण असं :

- डिस्टिल्ड वॉटर : सुरुवातीला ७२ ग्रॅम, शेवटी १०० भरेपर्यंत
- डायसोडियम ईडीटीए : ०.१ ग्रॅम
- ग्लिसरीन : ५ ग्रॅम
- झँथन गम (पारदर्शक प्रतीचा) : ०.८ ग्रॅम
- कोकामिडोप्रोपिल बीटेन (३० टक्के) : १० ग्रॅम
- डेसिल ग्लुकोसाइड (५० टक्के) : ८ ग्रॅम
- पॅन्थेनॉल : १ ग्रॅम
- प्रिझर्व्हेटिव्ह (फिनॉक्सिइथेनॉल आणि इथिलहेक्सिलग्लिसरीन यांचं तयार मिश्रण) : १ ग्रॅम
- सायट्रिक ॲसिडचं ५० टक्के द्रावण : लागेल तसं

कंसातले टक्के महत्त्वाचे आहेत. सरफॅक्टंट विकत मिळतो तो पाण्यात विरघळवलेला असतो आणि त्यातला खरा काम करणारा भाग तेवढाच असतो. इथे बीटेनमधून ३ ग्रॅम आणि ग्लुकोसाइडमधून ४ ग्रॅम, असे मिळून १०० ग्रॅममध्ये ७ ग्रॅम होतात. कोरड्या चेहऱ्यासाठी ६ ते ८ टक्के पुरेसे असतात. तेलकट त्वचेच्या फेसवॉशमध्ये हाच आकडा १२ ते १५ पर्यंत सहज जातो. तुमच्या बाटलीवर वेगळे टक्के लिहिले असतील, तर हा हिशेब पुन्हा करा. डोळे मिटून ८ आणि १० ग्रॅम घालू नका.

दोन सरफॅक्टंट घेण्यामागे कारण आहे. पाण्यात त्यांचे रेणू गोळा होऊन पुंजके करतात, त्यांना मायसेल म्हणतात. त्वचेत शिरून त्रास देतात ते मुख्यतः सुटे राहिलेले छोटे रेणू. दोन प्रकार एकत्र केले की मायसेल लवकर आणि मोठे होतात, सुटे रेणू कमी उरतात. म्हणून ७ टक्क्यांचं मिश्रण हे ७ टक्के एकट्या ग्लुकोसाइडपेक्षा सौम्य पडतं.

आता कृती. भांडी, ढवळायचा चमचा आणि बाटली साबणाने धुऊन त्यावर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारा आणि आपोआप वाळू द्या. फडक्याने पुसलंत तर फडक्यातले जंतू परत लागतील.

ईडीटीए पाण्यात टाकून पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा, त्याला थोडा वेळ लागतो. दुसऱ्या कोरड्या भांड्यात ग्लिसरीन घेऊन त्यावर झँथन गम भुरभुरवा आणि चमच्याच्या पाठीने दाबत दाबत एकजीव करा. ग्लिसरीनमध्ये गम फुगत नाही, नुसता पसरतो, म्हणून गुठळ्या मोडायची हीच वेळ. पांढरट, ओघळणारा लगदा झाला की ढवळता ढवळता त्यावर पाणी ओता. मिश्रण पटकन घट्ट व्हायला लागेल. झाकून २० मिनिटं ठेवा, तोवर गम पुरता फुगतो आणि अडकलेली हवा थोडी वर येते.

मग बीटेन घाला, नंतर ग्लुकोसाइड. चमचा तळाशी ठेवून हळू गोल फिरवा. ब्लेंडर अजिबात नको, नाहीतर भांडंभर फेस होऊन बसेल. डेसिल ग्लुकोसाइडचा स्वतःचा पीएच ११.५ ते १२.५ असतो, म्हणून हातमोजे घाला आणि डोळ्यांना चष्मा लावा.

या टप्प्यावर मिश्रणाचा पीएच चेहऱ्यासाठी फारच वर असतो. ५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड ५ ग्रॅम कोमट डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून ठेवा आणि त्यातले दोन-दोन थेंब घालत, प्रत्येक वेळी नीट ढवळून पीएच पाहा. घट्ट मिश्रणात पट्टी थेट बुडवली तर रंग नीट चढत नाही. १ ग्रॅम मिश्रण ९ ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून त्यात पट्टी बुडवा. पट्टी ४ ते ७ या टप्प्यातली, अर्ध्या अर्ध्या अंकाने रंग बदलणारी घ्या. १ ते १४ वाली पट्टी इथे निरुपयोगी आहे. ५.२ ते ५.५ वर थांबा. खाली येताना आधी पीएच हट्टीपणे हलत नाही आणि ७ च्या आसपास एकदम घसरतो, तेव्हा तिथून पुढे एकेक थेंबच घाला. चुकून ४.५ च्या खाली गेलाच, तर खाण्याच्या सोड्याचं ५ टक्के द्रावण थेंबाथेंबाने घालून वर आणता येतो. बुडबुडे निघून जाईपर्यंत थांबून मग मोजा.

पॅन्थेनॉल आणि प्रिझर्व्हेटिव्ह पीएच खाली आल्यावरच घालायचे, कारण पॅन्थेनॉल जास्त पीएचला तुटतं. शेवटी वजन १०० ग्रॅम होईल एवढं पाणी घाला, ढवळा आणि पंपाच्या बाटलीत भरा. दुसऱ्या दिवशी एकदा आणि आठवड्याने एकदा पीएच पुन्हा पाहा. ०.२ ने इकडे तिकडे झाला तर चालतं.

प्रश्न : वनस्पती तेलापासून केलेला द्रव साबण आणला. त्याचा पीएच ९.५ आला म्हणून त्यात सायट्रिक ॲसिड घालत गेलो. मिश्रण दुधासारखं झालं आणि वर चिकट थर आला. काय चुकलं? दुरुस्त होईल का?

उत्तर : दुरुस्त होणार नाही, टाकून द्या. साबण म्हणजे फॅटी ॲसिडचा क्षार. तो अल्कधर्मी पाण्यातच साबण म्हणून टिकतो. आम्ल घातलं की त्याचं पुन्हा फॅटी ॲसिड होतं, आणि ते पाण्यात विरघळत नाही. पांढरेपणा आला तो त्याचाच, वरचा चिकट थरही तोच. व्हिनेगर घाला नाहीतर दुसरं कुठलं आम्ल, परिणाम हाच. तुमच्या हातून प्रमाण चुकलं असं नाही, साबणाचा पीएच ५.५ वर आणताच येत नाही.

त्वचेच्या पृष्ठभागाचा पीएच साधारण ४.५ ते ५.५ असतो. सिरॅमाइड तयार करणारी एन्झाइम त्या आम्लात नीट चालतात. पीएच वर गेला की ती मंदावतात आणि पेशींमधले बंध तोडणारी एन्झाइम जोर धरतात. निरोगी त्वचा काही तासांत आपला पीएच परत मिळवते, कोरड्या आणि बिघडलेल्या त्वचेला त्यासाठी जास्त वेळ लागतो. दिवसातून दोनदा साबण लावला तर ती सावरायच्या आतच पुढचा मार बसतो. म्हणून पातळ करून, ग्लिसरीन घालून किंवा तेल मिसळून साबण 'सौम्य' करण्यापेक्षा वर दिलेल्या सरफॅक्टंटकडेच वळा.

प्रश्न : ताज्या कोरफडीचा गर, गुलाबपाणी, मध आणि थोडा ग्लुकोसाइड असं मिश्रण केलं. रसायनं नकोत म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह घातलं नाही, व्हिटॅमिन ई घातलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं. बाराव्या दिवशी आंबट वास आला. फ्रिजमध्ये असूनही असं कसं झालं?

उत्तर : कारण व्हिटॅमिन ई प्रिझर्व्हेटिव्ह नाही. ते तेल खवट होण्याचा वेग कमी करतं, जंतूंवर त्याचा परिणाम होत नाही. फ्रिजमुळे जंतूंची वाढ मंदावते, पण थांबत नाही, आणि काही जिवाणू थंडाव्यातही आरामात वाढतात. मध घट्ट असतो तोवर टिकतो, पाण्यात मिसळला की तो जंतूंचं खाद्य होतो. कोरफडीच्या गरातही साखरी असतात. तुम्ही जिवाणूंना पाणी आणि साखर दोन्ही एका बाटलीत दिलं.

आंबट वास आला म्हणून निदान कळलं तरी. डोळ्यांना घातक ठरू शकणारे जिवाणू वाढलेले असतानाही मिश्रण दिसायला स्वच्छ आणि वासाला चांगलं असू शकतं. क्लेन्झर डोळ्यांजवळ जातो आणि कोरड्या त्वचेला बारीक चिराही असतात. म्हणून ज्यात पाणी आहे त्यात प्रिझर्व्हेटिव्ह हवंच, या बाबतीत आम्ही कोणतीही सवलत देणार नाही.

'खाद्यपदार्थांतलं' प्रिझर्व्हेटिव्ह हवं म्हणून अनेक जण सोडियम बेन्झोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट वापरतात. वापरा, पण त्यांचं गणित समजून घ्या. ही दोन्ही आम्लरूपात असतानाच जंतू मारतात. पीएच ५.५ असेल तर बेन्झोएटमधला जेमतेम ५ टक्के भाग आम्लरूपात असतो, सॉर्बेटमधला सुमारे १५ टक्के. पीएच ५ ला आणलंत तर हेच आकडे १४ आणि ३६ च्या आसपास जातात. म्हणजे ही जोडी वापरायची असेल तर पीएच ५ किंवा किंचित खाली ठेवावा लागेल, आणि तो तिथेच टिकतोय हे वरचेवर तपासावं लागेल. घरी पहिल्यांदा करणाऱ्यांना आम्ही फिनॉक्सिइथेनॉलचं मिश्रण सुचवतो ते यासाठीच. ते पीएचवर एवढं अवलंबून नाही. युरोपीय संघाच्या नियमांत फिनॉक्सिइथेनॉलची कमाल मर्यादा १ टक्का आहे. ग्लुकोसाइडसारखे सरफॅक्टंट त्यातला काही भाग आपल्या मायसेलमध्ये ओढून घेतात, म्हणून 'सौम्य हवं' असं म्हणून ते अर्ध्यावर आणू नका. ईडीटीए जंतूंचं बाहेरचं आवरण कमकुवत करतं आणि प्रिझर्व्हेटिव्हला मदत करतं. त्याचे ०.१ ग्रॅमही गाळू नका.

कोरफड आणि गुलाबपाणी घालायचा मोह होत असेल तर त्याबद्दल पुढच्या उत्तरात.

प्रश्न : याच पद्धतीच्या क्लेन्झरमध्ये मी ग्लिसरीन १५ टक्के केलं, ५ टक्के बदाम तेल, नायसिनामाइड आणि व्हिटॅमिन सी घातलं. आता फेस येत नाही, वर तेल तरंगतं आणि रंग पिवळा पडला. पण कोरड्या त्वचेला पोषण नको का?

उत्तर : हवं ना, पण ते धुऊन झाल्यावर. क्लेन्झर चेहऱ्यावर मिनिटभर राहतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. तेवढ्या वेळात नायसिनामाइड किंवा व्हिटॅमिन सी काही करून दाखवेल, अशी अपेक्षा ठेवू नका. व्हिटॅमिन सी पाण्यात हवेशी संयोग पावून पिवळं, मग तपकिरी होतं. तुमच्या मिश्रणाचा रंग त्यामुळेच बदलला.

तेलाचं म्हणाल तर ७ टक्के सरफॅक्टंट ५ टक्के तेल पोटात घेऊ शकत नाही. जेवढं घेतो तेवढ्याने त्याची फेस करायची आणि मळ उचलायची ताकद खर्च होते, उरलेलं तरंगतं. ग्लिसरीन ५ वरून १५ केल्याने त्वचेवर फारसं जास्त उरत नाही, हाताला मात्र चिकट लागतं आणि तेही फेस दाबतं. ८ टक्क्यांपर्यंत नेऊन पाहायला हरकत नाही. त्यापुढे पैसा वाया.

कोरड्या त्वचेच्या क्लेन्झरने कमीत कमी काढून न्यावं एवढंच बघायचं. कोरफड, गुलाबपाणी, अर्क, फळांचे रस यांनी ते साधत नाही. उलट प्रत्येक जादा घटकाने जंतूंना खाद्य, पीएचला धक्का आणि ॲलर्जीला एक नवं निमित्त मिळतं. पॅन्थेनॉल ठेवलं आहे तेही १ टक्काच. नसेल मिळत तर गाळा आणि तेवढं पाणी वाढवा, क्लेन्झर जवळपास तसाच होईल.

प्रश्न : क्लेन्झर पाण्यासारखा पातळ झाला. शॅम्पू घट्ट करायला मीठ घालतात असं वाचलं म्हणून २ टक्के मीठ घातलं, काहीच फरक नाही. मग झँथन गम थेट वरून टाकला तर माशाच्या डोळ्यांसारख्या गुठळ्या झाल्या.

उत्तर : मिठाने घट्ट होतात ते विद्युतभार असलेले सरफॅक्टंट. सोडियम लॉरेथ सल्फेट आणि बीटेन यांचं मिश्रण हे त्याचं नेहमीचं उदाहरण. मीठ त्यांच्या रेणूंमधलं परस्पर ढकलणं कमी करतं, मायसेल लांबलचक होऊन एकमेकांत गुंततात आणि मिश्रण दाट होतं. ग्लुकोसाइडवर भारच नाही, त्यामुळे मीठ तिथे काही करत नाही. उलट चिरा पडलेल्या गालांना ते झोंबेल.

गम ओल्या मिश्रणावर पडला की प्रत्येक कणाचा बाहेरचा भाग तत्काळ फुगून चिकट कवच होतो आणि आतला भाग कोरडाच राहतो. त्या गुठळ्या ढवळून मोडत नाहीत. बारीक गाळणीतून गाळून घ्या. घट्टपणा थोडा कमी भरेल, पण माल वाया जाणार नाही. मात्र त्यात २ टक्के मीठ आहे, तेव्हा तो चेहऱ्याऐवजी हात धुवायला वापरा.

गम १ टक्क्याच्या वर नेऊ नका. बोटावर घेतल्यावर तार सुटते, चेहऱ्यावर बुळबुळीत लागतं आणि धुवायला जास्त पाणी लागतं. पातळपणा खटकत असेल तर गम मुळीच न घालता हे मिश्रण फेस करणाऱ्या पंपाच्या बाटलीत भरणं हा उत्तम उपाय आहे. त्या पंपाला पातळच द्रव लागतो, गम असला तर त्याची जाळी तुंबते. गमच्या बदल्यात ०.८ ग्रॅम पाणी वाढवा, बाकी सगळं तेच. आयता फेस हातात मिळतो म्हणून चोळणंही कमी होतं, आणि कोरड्या त्वचेला याचा फायदा दिसतो.

प्रश्न : माझी त्वचा इतकी कोरडी आहे की फेस येणारं काहीही सोसत नाही. नुसत्या तेलाने चेहरा साफ केला तर तेलाचा थर निघत नाही. मधला मार्ग आहे का?

उत्तर : दोन आहेत. सोपा आहे तो धुऊन निघणाऱ्या तेलाचा. ८८ ग्रॅम तेल, ११.५ ग्रॅम पॉलिसॉर्बेट ८० आणि ०.५ ग्रॅम व्हिटॅमिन ई एकत्र करून हलवलं की झालं, तापवायला लागत नाही. पॉलिसॉर्बेट पाणी मिळताच तेलाचे बारीक थेंब करतो, त्यामुळे ते दुधासारखं होऊन वाहून जातं. नुसत्या तेलात हे काम करणारं कोणी नसतं, म्हणून ते चेहऱ्यावर बसून राहतं. मग लोक खरखरीत कापडाने पुसतात किंवा वरून फेसवॉश लावतात, आणि तेल लावल्याचा सगळा फायदा जातो.

लावायची रीत महत्त्वाची आहे. कोरड्या हातांनी कोरड्या चेहऱ्यावर अर्धा मिनिट हलकेच फिरवा, मग हात ओले करून पुन्हा फिरवा, पांढरं झालं की धुवा. ओल्या चेहऱ्यावर लावलं तर ते आधीच दूध होतं आणि मळ, सनस्क्रीन नीट सुटत नाही. पॉलिसॉर्बेट ठेवल्या ठेवल्या तळाशी बसू शकतो, म्हणून दर वेळी बाटली हलवा. यात पाणी नाही, तेव्हा प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही, पण ओली बोटं बुडवायची उघडी बरणी नको, पंपच घ्या. तेल निवडताना लिनोलेइक ॲसिड जास्त असलेलं साधं सूर्यफूल तेल बरं. ऑलिव्ह तेलात ओलेइक ॲसिड फार असतं आणि ते त्वचेचा संरक्षक थर सैल करतं. 'हाय ओलेइक' लिहिलेलं सूर्यफूल तेलही याच कारणाने इथे नको.

दुसरा मार्ग क्लेन्झिंग मिल्कचा. त्याला मेहनत जास्त, पण हाताला फार छान लागतं. १०० ग्रॅमसाठी तेलाच्या भांड्यात सूर्यफूल तेल १८ ग्रॅम, इमल्सिफाइंग वॅक्स (सिटिअरिल अल्कोहोल आणि पॉलिसॉर्बेट ६० चं) ५ ग्रॅम, सिटाइल अल्कोहोल १.५ ग्रॅम, व्हिटॅमिन ई ०.२ ग्रॅम. पाण्याच्या भांड्यात डिस्टिल्ड वॉटर ६८.९ ग्रॅम, ईडीटीए ०.१ ग्रॅम, आणि ५ ग्रॅम ग्लिसरीनमध्ये आधी कालवलेला झँथन गम ०.३ ग्रॅम. दोन्ही भांडी गरम पाण्यात ठेवून ७० ते ७५ अंश सेल्सिअसवर २० मिनिटं धरा. तेलाचं भांडं पाण्याच्या भांड्यात ओतून हँड ब्लेंडरने, त्याचं तोंड पूर्ण बुडालेलं ठेवून, दोन मिनिटं फिरवा. मग हाताने ढवळत थंड करा. ४० अंशांच्या खाली आलं की १ ग्रॅम प्रिझर्व्हेटिव्ह घाला, उडून गेलेलं पाणी वजन करून भरून काढा आणि पीएच पाहा.

हे दूध फाटतं ते बहुधा पाणी पुरेसं गरम नसल्यामुळे. गरम तेल थंड पाण्यात पडलं की वॅक्स थेंबांभोवती बसण्याआधीच गोठतं, पांढरे दाणे दिसतात आणि दोन दिवसांत तळाला पाणी सुटतं. लगेच लक्षात आलं तर पुन्हा ७५ अंशांपर्यंत नेऊन परत ब्लेंडर फिरवा. प्रिझर्व्हेटिव्ह घातलेलं असेल तर ते पुन्हा तापवायच्या भानगडीत पडू नका.

प्रश्न : कोरडी पावडर करून ठेवली आणि वापरताना पाण्यात कालवली तर प्रिझर्व्हेटिव्हचा प्रश्नच मिटेल ना?

उत्तर : मिटेल, आणि कोरड्या त्वचेला तो प्रकार मानवतोही. ८० ग्रॅम कोलॉइडल ओटमील (ओट्सचं अगदी बारीक पीठ) आणि २० ग्रॅम पांढरी केओलिन माती एवढंच पुरे. बेंटोनाइट माती नको, ती फार शोषते. ओटमील अगदी पिठूळ हवं : चमचाभर पेलाभर पाण्यात टाकून ढवळलं तर पाणी दुधाळ व्हावं आणि तळाला रवा बसू नये. रवा बसला तर ते चेहऱ्यावर घासलं जाईल. अमेरिकेच्या एफडीएने कोलॉइडल ओटमीलला २००३ मध्ये त्वचासंरक्षक घटक म्हणून मान्यता दिली आहे. एका वेळेपुरतंच कालवा, उरलेलं टाका. सनस्क्रीन मात्र याने पुरती निघत नाही.

प्रश्न : वास यावा म्हणून लव्हेंडरचं किंवा लिंबाचं तेल दोन थेंब घातलं तर? आणि सगळे घटक नारळ, साखर यांपासून केलेले असताना ॲलर्जी होऊ शकते का?

उत्तर : तेल घालू नका. त्यांतली लिनालूल आणि लिमोनिन ही द्रव्यं हवेशी संयोग पावली की ॲलर्जी घडवतात, आणि संरक्षक थर आधीच कमकुवत असेल तर ती आत लवकर शिरतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : हो, होऊ शकते. अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २००४ साली कोकामिडोप्रोपिल बीटेनला आणि २०१७ साली अल्किल ग्लुकोसाइडना 'वर्षाचा ॲलर्जन' (ॲलर्जी घडवणारं द्रव्य) म्हणून निवडलं होतं. आमच्या कृतीतले दोन्ही सरफॅक्टंट त्यात आले. याचा अर्थ ते वाईट आहेत असा नाही. बहुतेकांना ते सोसतात, म्हणून तर सगळीकडे वापरले जातात. बीटेनच्या बाबतीत तर दोष बराचसा तयार करताना राहून गेलेल्या अशुद्धींचा असतो, तेव्हा सौंदर्यप्रसाधनांच्या प्रतीचाच माल घ्या. पण नारळापासून झालं म्हणजे निर्धोक, असं समीकरण मांडू नका.

चाचणी अशी करा : कोपराच्या आतल्या बाजूला ओल्या त्वचेवर थोडा क्लेन्झर लावून मिनिटभराने धुवा, दिवसातून दोनदा, सलग ७ दिवस. खाज, लाली, पुरळ काही आलं नाही तर चेहऱ्याला लावा. पट्टीखाली झाकून रात्रभर ठेवायची पद्धत इथे लागू नाही. झाकून ठेवलेला कुठलाही सरफॅक्टंट त्वचा लाल करतो, आणि त्यावरून ॲलर्जीबद्दल काहीच कळत नाही.

प्रश्न : तुम्ही सांगता तसाच क्लेन्झर केला, पीएच ५.४ आहे. आधीपेक्षा बरं आहे, पण ओढ पूर्ण गेली नाही.

उत्तर : आधी धुण्याची पद्धत तपासा. पाणी कोमटाहून गरम नको, गरम पाण्याने सरफॅक्टंट नसतानाही त्वचेतली स्निग्धता जाते. एका वेळी दीड-दोन ग्रॅम पुरे, साधारण पंपाचा एक दाब. बोटांनी ३० ते ४० सेकंद, त्याहून जास्त नाही. केसांच्या कडेला आणि हनुवटीखाली क्लेन्झर राहून जातो, तिथे नीट धुवा. टॉवेलने टिपा, घासू नका, आणि त्वचा ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, मॉइश्चरायझर लावा. सकाळी क्लेन्झर लावायची खरं तर गरजच नसते, साध्या पाण्याने भागतं. या एका बदलाने अनेकांचा त्रास निम्मा होतो.

एवढं करूनही ओढ राहिली तर पुढच्या वेळी ग्लुकोसाइड ८ वरून ६ ग्रॅमवर आणा आणि २ ग्रॅम पाणी वाढवा. सक्रिय भाग ६ टक्के होईल. त्यानेही भागलं नाही तर दूध किंवा तेल वापरा. पापुद्र्यांखाली लाली असेल, भुवया आणि नाकाच्या कडेला पिवळसर खवले असतील, खाज असेल किंवा चिरांतून पाणी येत असेल, तर ते नुसतं कोरडेपण नाही. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, आणि क्लेन्झरमध्ये काय काय घालता त्याची यादी सोबत न्या.

प्रश्न : एकदम अर्धा किलो करून ठेवला तर किती दिवस टिकेल?

उत्तर : अर्धा किलो करू नका. घरी जंतूंची प्रयोगशाळेतली चाचणी होत नाही, म्हणून १०० ग्रॅम करा आणि ३ महिन्यांत संपवा. दिवसातून एकदा वापरला तर तेवढ्यात तो संपतोच. बाटलीवर तारीख आणि पहिला पीएच लिहा. बाथरूममध्ये शॉवरच्या वाफेत ठेवू नका. पंपाच्या नळीत पाणी जाऊ देऊ नका, आणि 'शेवटचा थोडा राहिला' म्हणून बाटलीत पाणी घालून हलवू तर मुळीच नका, त्याने प्रिझर्व्हेटिव्हही पातळ होतं. वास बदलला, ढगाळपणा आला, रंगाचे ठिपके दिसले, अचानक पातळ झाला किंवा पीएच ०.५ हून जास्त सरकला, तर उरलेला ओतून द्या. बाटली परत वापरायची असली तरी पंप नवा घ्या, त्याची स्प्रिंग आणि नळी आतून नीट साफ होत नाही.